पुतणीची मुलाखत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझ्या पुतणीला विद्यापीठाच्या विद्यार्थी विभागात नोकरी लागली, ही बातमी गल्लीत पोहोचल्यापासून "मुलाखतीत काय विचारतात हो?" असे निदान दहाजणींनी मला विचारले. म्हणून चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मुलाखत मी आयुष्यात एकदाच दिली, तीही पोह्यांच्या बशा हातात घेऊन. तेव्हा सांगते ते सारे घरात बसून पाहिलेले.

आधी ही नोकरी कसली, ते सांगायला हवे. आपल्या परभणीत १९५६ साली कृषी महाविद्यालय निघाले, १८ मे १९७२ रोजी कृषी विद्यापीठ झाले आणि २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईकांचे नाव दिले गेले. इतकी वर्षे विद्यापीठ आपल्या शेजारी आहे, पण विद्यापीठ म्हटले की आपल्याला प्राध्यापक आणि बियाणे एवढेच आठवते. बाहेरगावाहून आलेल्या लेकरांना खोली कोण देतो, मेसच्या वरणात पाणी वाढले तर तक्रार कोणाकडे न्यायची, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडला, रात्री ताप चढला तर दवाखान्यात कोण नेतो, हे पाहणारी माणसे प्रत्येक विद्यापीठात लागतात. या खात्याला पूर्वी विद्यार्थी कल्याण म्हणत. कृषी विद्यापीठांचा कायदा निराळा. पण बाकीच्या विद्यापीठांत २०१६ च्या कायद्यापासून त्याला विद्यार्थी विकास म्हणतात. नाव बदलले तरी वरणाची तक्रार तीच!

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. त्यांची मुलाखत कोणी घेतली नव्हती.

आता पुतणीचे. माझे थोरले दीर जिंतूर तालुक्यात शेती करतात. मुलगी शिक्षणासाठी आमच्याकडे राहिली. पहिली मुलाखत बाहेरगावच्या एका संस्थेत झाली. तिचे नाव मी सांगत नाही. तिथल्या एका गृहस्थांनी विचारले, "लग्न ठरलं आहे का? उद्या तुम्ही गेलात म्हणजे आम्ही काय करायचं?" पोरीने मान खाली घातली आणि म्हणाली, "घरचे ठरवतील ते." झाले. कागद गुंडाळले गेले.

भगिनींनो, हे उत्तर आपल्याकडच्या प्रत्येक मुलीच्या जिभेवर तयार असते. दाखवण्याच्या कार्यक्रमात तेच शोभते. नजर खाली, उत्तर दोन शब्दांत, आणि उलट विचारायचे काहीच नाही. नोकरीच्या मुलाखतीत नेमके हेच अंगाशी येते. समोरच्यांना वाटते, जिला स्वतःपुरते बोलता येत नाही ती दुसऱ्याच्या लेकरासाठी काय बोलणार?

दीर म्हणाले, "वहिनी, चांगलं स्थळ आलं आहे. आता पुरे." मी म्हटले, "भाऊजी, एक वार आणखी जाऊ द्या." ते हो म्हणाले नाहीत, पण स्थळाकडच्यांना महिनाभर थांबवले. तेवढा महिना आमच्या हातात होता.

मग दुपारची भांडी झाली की शेजारच्या दोघी आणि मी पलंगावर बसायचो आणि पुतणी समोर खुर्चीवर. पहिल्या दिवशी हसण्यातच वेळ गेला. दुसऱ्या दिवशी मी विचारले, "वसतिगृहातली एक मुलगी दोन दिवस जेवली नाही, दार लावून बसली आहे. तू काय करशील?" ती घडाघडा म्हणाली, "वरिष्ठांना लेखी कळवीन." मी म्हटले, "अगं, आधी दार वाजवशील की अर्ज लिहिशील?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "काकू, दार वाजवीन. पण तिला कोणी छळत असेल आणि 'कुणाला सांगू नका' असं ती म्हणाली, तर मला गप्प बसता येणार नाही. रॅगिंगविरुद्ध २००९ चे नियम आहेत, समिती आहे, तक्रार पुढे न्यावीच लागते. ते तिला आधीच सांगावं लागेल." शेजारीण म्हणाली, "हेच तिथं बोल." मलाही पटले. आमच्या पलंगावरच्या शहाणपणाला तिच्या नियमांची जोड हवीच होती.

दुसरा प्रश्न पैशांचा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतल्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. घरचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत हवे. जेवणाखाण्याचा खर्च मात्र त्यात येत नाही. पुतणीला हे पाठ होते. मी म्हटले, "हे गंगाखेडच्या एखाद्या शेतकऱ्याला सांगून दाखव. तो विचारील, दाखला कुठला, तहसिलात कधी जायचं, मुदत कधी संपते?" तीन दिवस ती मला शेतकरी समजून सांगत होती. चौथ्या दिवशी मला समजले.

कपड्यांचा घोळ आपण फार घालतो. धुतलेला, इस्त्रीचा पोशाख पुरे. मूळ दाखले एका पिशवीत आणि झेरॉक्स दुसऱ्या पिशवीत ठेवाव्यात, म्हणजे तिथे उलथापालथ होत नाही.

दुसऱ्या मुलाखतीत लग्नाचा प्रश्न निघालाच. ती मान वर ठेवून म्हणाली, "लग्न झालं तरी काम करण्याचा माझा विचार आहे, आणि तो मी घरी सांगितला आहे." (सांगितला होता, आदल्या रात्री! दीर जेवता जेवता थांबले होते.) शेवटी, "तुम्हाला काही विचारायचं आहे का?" असे त्यांनी म्हटले, तेव्हा तिने विचारले, "रात्री अकरा वाजता एखाद्या मुलीला अडचण आली तर तिने फोन कुणाला करायचा, आणि ते रजेवर असले तर कुणाला?" ते आपापसात पाहू लागले, असे ती सांगते.

अकरा महिन्यांच्या कराराचे पत्र आले आहे. पगार दिरांच्या अपेक्षेहून कमी आहे. स्थळाकडच्यांनी अजून होकारही दिलेला नाही आणि नकारही नाही. पुतणी मात्र सोमवारी रुजू झाली.

ज्यांच्या मुलींना मुलाखतीचे पत्र आले असेल त्यांनी दुपारी तीननंतर आमच्याकडे पाठवावे. पलंग तोच आहे, आणि शेजारणी प्रश्न तयार करूनच बसल्या आहेत.