हुकमाची पानं, हुकमी शब्द

पत्ते पिसले की मराठीही डावात उतरते. दोनचं पान दुर्री, तीनचं तिर्री. मेंढीकोटात दश्शी म्हणजे ‘मेंढी’. चारही मेंढ्या एकाच जोडीकडे आल्या की झाला ‘कोट’! झब्बूच्या डावात उतारीच्या, म्हणजे आधी टाकलेल्या पानाच्या, रंगाचं पान हातात नसेल, तर दुसऱ्या रंगाचा ‘झब्बू’ द्यायचा; उतारीच्या रंगातलं सर्वांत मोठं पान टाकणाऱ्यानं सगळी पानं उचलायची. शेवटी ज्याच्या हातात पानं उरतात, तो गाढव! सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत तर दहा अवतारांची 120 गोल पानं. ‘हुकमाचा एक्का’ तर आपण रोजच्या बोलण्यातही वापरतो. या सुट्टीत आजीआजोबांसोबत डाव मांडा. पानांबरोबर हे शब्दही पुढच्या पिढीला वाटले जातील.