देवघराशेजारचें छायाचित्र

घरोघरीं एखादी जुनी पेटी असते आणि त्या पेटींत नांवें विसरलेले चेहरे असतात. सातारा जिल्ह्यांतील एका कुटुंबांत मात्र असा एक चेहरा देवघराशेजारीं भिंतीवर टांगलेला होता. नदीकांठीं मारून पाडलेला रानडुक्कर, त्याच्यामागें खाकी पोषाखांतील साहेब, आणि बाजूस बंदूक धरून उभा असलेला फेटेवाला मराठा शिपाई.

त्या घरांतील दोघे सख्खे भाऊ पहिल्या महायुद्धांत मेसापोटेमियांत गेले होते. दोघांचा तोंडवळा एक. थोरला सहाव्या, म्हणजे पुण्याच्या, डिव्हिजनबरोबर कूत येथें अडकला. ७ डिसेंबर १९१५ रोजीं पडलेला वेढा २९ एप्रिल १९१६ रोजीं शरणागतीनें संपला व सुमारें १३,००० लोक तुर्कांचे कैदी झाले. पुष्कळ हिंदी शिपायांना वाळवंटांतून पायीं चालवीत नेऊन रास-अल्-ऐन येथें रेल्वेच्या कामास जुंपण्यांत आलें. थोरला परत आला नाहीं.

धाकटा दुसऱ्या पलटणींत होता. तो १९१९ सालीं परतला, तेव्हां त्यानें हें चित्र भावजयीच्या हातीं दिलें. "वहिनी, हे आपले दादा," एवढेंच तो बोलला. तिनें मरेपर्यंत त्या चित्रास रोज फूल वाहिलें. धाकट्यानें स्वतःचें छायाचित्र मात्र कधीं काढूं दिलें नाहीं.

पुढें नातवंडांना धाकट्याच्या ट्रंकेच्या तळाशीं, धोतराच्या घडींत, दुसरें चित्र सांपडलें. तोच साहेब, तोच शिपाई, हातांत तित्तिरांची माळ. मागें तैग्रिस नदींत चालणारी, टोपलीसारखी वाटोळी 'गुफा' नांवाची होडी. चित्राच्या कडेस काळ्या पट्टींत पांढरीं इंग्रजी अक्षरें होतीं: 'बगदाद, जानेवारी १९१८'.

ही अक्षरें कशीं उमटतात? कोडॅक कंपनीनें १९१४ सालीं असे कॅमेरे विक्रीस काढले कीं, ज्यांच्या पाठीची लहानशी झडप उघडून फिल्मच्या कागदावर धातूच्या लेखणीनें लिहितां येई. लिहिलेल्या ठिकाणांतून उजेड आंत शिरे व दोन चित्रांमधल्या पट्टींत तें लिखाण कायमचें उमटे. लढाईवरील अनेक लोकांच्या खिशांत असला लहान कॅमेरा असे.

नातवंडांनीं भिंतीवरील चौकट उघडली. पुठ्ठ्याखालीं झांकलेल्या कडेस तीच अक्षरें, तोच महिना! इंग्रजी फौजा बगदादेंत शिरल्या त्या ११ मार्च १९१७ रोजीं. थोरला त्यापूर्वींच कैदेंत गेलेला. अर्थात् शिपाई धाकटाच होता. भावाचें चित्र नव्हतें, म्हणून त्यानें आपला चेहरा भावाला दिला, आणि तो उघडा पडूं नये म्हणून स्वतः जन्मभर कॅमेऱ्यापासून दूर राहिला.

रोज दिराला पाहणाऱ्या त्या माउलीनें हें ओळखलें नसेल काय? ओळखलें असल्यास तिनेंही तें शब्दानें कधीं दाखविलें नाहीं.

चित्र कोणाचें, हा वाद तेथेंच मिटला. नातवंडांनीं चौकट पूर्ववत् बंद करून जागच्या जागीं लावली. मागच्या पुठ्ठ्यावर मात्र दोघांचीं नांवें लिहून ठेविलीं, थोरल्याचें आधीं.