शेजार सांगणारा हायड्रोजन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



ऊस आणि मळी काय असते हे आम्हा धाराशिवकरांना सांगायला नको. हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या रस्त्यावर तो आंबूस-गोड वास भेटतोच. मळी आंबवायची, ऊर्ध्वपातन करायचं, की इथेनॉल हाती येतं. पेट्रोलमध्ये मिसळतात ते हेच आणि दारूत असतं तेही हेच. ज्याला हात लावायची आमच्या घरात मनाई, त्याचं 'अल्कोहोल' हे नाव मात्र अरबीतल्या 'अल्-कुहल'वरून, म्हणजे चक्क सुरम्यावरून आलेलं. पण मला आज नावाची नव्हे, या पदार्थाच्या आतल्या शेजाराची गोष्ट सांगायची आहे.

इथेनॉलच्या एका रेणूत दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असतो. डायमिथाइल इथर नावाचा एक वायू आहे, त्यातही नेमके तेवढेच. 'रस' आणि 'सर' या शब्दांत अक्षरं तीच आहेत, तसंच हे. मोजदाद दोघांची सारखी. फरक आहे तो कोण कोणाशेजारी बसला आहे यात. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन एका टोकाला असतो, इथरमध्ये दोन कार्बनांच्या मधोमध. हा शेजार ओळखण्याची रीत म्हणजे एनएमआर, न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स. दवाखान्यातला एमआरआय याच तत्त्वावर चालतो.

हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे इवलंसं चुंबकच. ते मोठ्या चुंबकात ठेवलं आणि त्यावर रेडिओ लहरी सोडल्या, की एका ठरावीक कंप्रतेला ते साद देतं. चुंबक २.३५ टेस्लाचं असेल तर ही कंप्रता जवळजवळ १०० मेगाहर्ट्झ भरते. म्हणजे तुमच्या एफएमच्या पट्ट्यातच हायड्रोजनचंही केंद्र लागतं!

आता खरी मौज. सगळे हायड्रोजन अगदी एकाच ठिकाणी लागत नाहीत. प्रत्येकाच्या अंगावर इलेक्ट्रॉनची गोधडी असते. ऑक्सिजन हा मोठा ओढाळ गडी. गोधडी स्वतःकडे ओढतो. त्यामुळे त्याला लागून असलेल्या कार्बनवरचे दोन हायड्रोजन जरा उघडे पडतात. पलीकडच्या कार्बनवरचे तिघे मात्र बऱ्यापैकी पांघरलेले राहतात. कंप्रतेत फरक पडतो तो दहा लाखांत काही भाग इतकाच, पण यंत्राला तो कळतो. प्रत्यक्ष ऑक्सिजनवर बसलेला सहावा हायड्रोजन तर लहरी. पाणी, तापमान, द्रावक बदलले की जागा बदलतो.

१९५१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड या तिघांनी हेच इथेनॉल चुंबकात ठेवलं. तीन शिखरं उमटली आणि त्यांची क्षेत्रफळं तीनास दोनास एक अशी निघाली. रेणूच्या आतला शेजार असा कागदावर उतरला. त्या तिघांतले एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि एनएमआरचं काम त्यांनी तिथं उभं केलं. विज्ञानाबाहेर त्यांचं नाव फारसं कानावर येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

माझी भाची रसायनशास्त्र शिकते. मी साधा बी.ए. झालेला माणूस, पण ती वही पुढं करून विचारते, "मामू, इथं हायड्रोजन किती प्रकारचे?" युक्तीही तिनंच शिकवली. मनातल्या मनात दोन हायड्रोजनांची अदलाबदल करायची. रेणूला पत्ताही लागला नाही, तर ते दोघं एकाच प्रकारचे. इथरमधले सहाही हायड्रोजन असे एकसारखे, म्हणून त्याचं शिखर एकच. सॅनिटायझरमध्ये वापरतात त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये हायड्रोजन आठ, पण प्रकार तीनच: सहा, एक आणि एक. कार्बन तीन, पण प्रकार दोन; कारण दोन टोकं एकमेकांची आरशातली रूपं.

कार्बनचं ऐकणं जरा जिकिरीचं. नेहमीचा कार्बन-१२ या यंत्रापुढं मुकाच असतो. बोलतो तो कार्बन-१३, आणि तो शंभरात जेमतेम एक. म्हणून बराच वेळ ऐकत बसावं लागतं.

एवढ्या बारकाव्याचा उपयोग काय, असं कुणी विचारेल. जून २०१५मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. त्यालाही रंग नाही आणि वासही बराचसा इथेनॉलसारखाच. पोटात गेलं की त्याचं फॉर्मिक आम्ल होतं; डोळे जातात, मग जीव जातो. मिथेनॉलमध्ये कार्बन एकच, त्यामुळे कार्बनची रेषाही एकच. इथेनॉलच्या दोन. दोन्ही मिसळले तरी तिसरी रेषा वेगळी उभी राहते, लपून राहत नाही. अशा तपासणीला सहसा गॅस क्रोमॅटोग्राफी वापरतात, ती स्वस्त पडते. पण हातभट्टीवर ग्लास उचलणाऱ्या मजुराजवळ यातलं काहीच नसतं. त्याला विकणाऱ्याच्या शब्दावर प्यावं लागतं.

आणि रेणूला शेजारच काय, गावही आठवतं. हायड्रोजनचा एक जड भाऊ आहे, ड्युटेरियम; फारच विरळा. इथेनॉलमध्ये तो कोणत्या जागी किती आहे हे मोजून मूळ साखर कुठली हे सांगण्याची पद्धत फ्रान्समधल्या नांत विद्यापीठात जेरार आणि मॅरिव्हॉन मार्टिन यांनी १९८०च्या दशकात विकसित केली. टोकाच्या कार्बनवर बीटच्या अल्कोहोलमध्ये ड्युटेरियम दहा लाखांत सुमारे ९२ भरतं, उसाच्या अल्कोहोलमध्ये सुमारे ११०. द्राक्षाचं या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. म्हणून वाइनमध्ये कुणी गुपचूप साखर ढकलली, तर ती बीटची होती की आपल्यासारख्या उसाच्या मुलखातली, हे बाटली उघडल्यावरही पकडता येतं.