‘तो नुसता मेल होता’



बैलबाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा होतो. तिथे कोणी स्टॅम्पपेपर मागत नाही. तरी तो सौदाच. १८७२ चा करार कायदाही यापेक्षा फार वेगळे सांगत नाही.

आता आपल्या गटाला व्यापाऱ्याचा ई-मेल येतो. शंभर क्विंटल कापूस, ओलावा ८ टक्क्यांपर्यंत, अमुक भाव, पोच जिनिंगवर. मंजूर असल्यास कळवा. गटाचा पोरगा मोबाइलवरून ‘मंजूर’ लिहितो. पंधरा दिवसांत भाव पडतो आणि व्यापारी म्हणतो, “सही कुठे आहे? तो नुसता मेल होता.”

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. २००८ च्या दुरुस्तीने त्यात कलम १०-अ आले. करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला, एवढ्याच कारणाने तो निकामी ठरत नाही. ट्रायमेक्स आणि वेदांता या कंपन्यांचा बॉक्साइटच्या पाच जहाजांचा सौदा मेलवरच ठरला होता. पक्क्या करारावर सही नाही, म्हणून वेदांताने हात वर केले. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. बॉक्साइटला जो न्याय, तोच कापसाला.

पण हा कायदा दोन्हीकडून कापतो. भाव चढल्यावर आपल्यालाही सहीचे निमित्त काढता येणार नाही. मेलला जोडलेल्या इंग्रजी कागदात कटती असते, वाद मुंबईच्या लवादाकडे नेण्याची अट असते. न वाचता ‘मंजूर’ म्हटले की तेही गळ्यात पडते. म्हणून स्पष्ट लिहा : ‘भाव मंजूर, कटती नामंजूर.’ मग तो होकार राहत नाही, आपला उलटा प्रस्ताव होतो. समोरच्याने तो घेतल्याशिवाय करार नाही. (मृत्युपत्र मात्र मेलवर होत नाही, त्या वाटेला जाऊ नका.)

मेल पुसू नका. छापील प्रत कोर्टात द्यायची तर प्रमाणपत्र लागते. जालना विधानसभा निवडणुकीच्या खटल्यात, व्हिडिओ चित्रीकरणाच्या वादावर, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते आवश्यक ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम ६३ मध्ये आहे. त्याचा एक भाग आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. निकालाला दोन हंगाम जातील, हे मीही जाणतो. पण पुरावा हाती असला की तडजोडीला बसतानाही आपला आवाज वेगळा लागतो.

आणखी एक. कित्येक गटांचा मेल बाजारातल्या दुकानदाराने उघडून दिलेला आहे. पासवर्ड अजून त्याच्याकडेच आहे. आपल्या नावाने ‘मंजूर’ कोण लिहितो, ते आपल्याला कळणारही नाही. पहिल्या वेच्याआधी तो पासवर्ड बदलून घ्या.