नोकरीच्या शाळेत घडलेला इतिहासकार
(शताब्दी महोत्सवातील भाषण)



शिक्षण संपवून तरुण मनुष्य पहिल्या नोकरीवर रुजू होतो, तेव्हा विद्येचे दिवस सरले अशीच त्याची समजूत असते. पुढे उरतात त्या फायली, वरिष्ठांची मर्जी आणि महिनाअखेरचा पगार! ही समजूत किती अपुरी आहे, हे पाहावयाचे असेल तर गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या चरित्राकडे वळावे.

रत्नागिरी जिल्ह्यात १८६५ साली जन्मलेला हा तरुण १८८८ साली पदवीधर झाला आणि १८८९ साली बडोद्यास श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांच्या सेवेत 'रीडर' म्हणून दाखल झाला. काम साधे दिसणारे : महाराजांना ग्रंथ वाचून दाखवावयाचे. पदवीधराने दुसऱ्यासाठी पाने उलटावीत, यात कोणास कमीपणाही वाटला असता. पण दुसऱ्यासाठी वाचणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. स्वतःसाठी वाचताना मनुष्य कठीण भाग सोडून पुढे जाऊ शकतो. ऐकणारा चौकस असला, तर ती सोय राहत नाही. आधी स्वतः समजून घ्यावे लागते, सार काढावे लागते, सनावळी पक्की ठेवावी लागते आणि न समजलेले समजले असे भासवता येत नाही.

नोकरीने दिलेला पहिला धडा हा. दुसरा धडा टिपणांचा. कामाच्या ओघात केलेले वाचन त्या दिवसापुरते वापरून टाकून न देता सरदेसायांनी ते जपून ठेवले. मॅकियाव्हेली आणि सीली यांच्या ग्रंथांची मराठी रूपांतरे त्यांच्या हातून याच सेवाकाळात झाली. पुढे राजपुत्रांच्या शिक्षणाचे काम आले, तेव्हा हिंदुस्थानचा इतिहास सुसंगत रीतीने सांगणारे मराठी पुस्तक हाताशी नाही, ही उणीव ठळकपणे जाणवली. टिपणांतून ग्रंथ उभा राहिला. १८९८ साली 'मुसलमानी रियासत' प्रसिद्ध झाली, १९०२ साली 'मराठी रियासती'चा आरंभ झाला. एका नोकराची टाचणे साऱ्या महाराष्ट्राच्या घरांत पोचली आणि लेखकास 'रियासतकार' हे नाव मिळाले.

तिसरा धडा अधिक कठीण. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंडही १८९८ सालचाच. अस्सल कागद जसजसे उजेडात येऊ लागले, तसतसे आधी लिहिलेले अपुरे ठरू लागले. लोकप्रिय ग्रंथकाराने अशा वेळी आपलेच म्हणणे रेटावे, हा सोपा मार्ग. सरदेसायांनी नव्या कागदांच्या आधारे लेखन पुन्हा हाती घेतले. चुकलेली बेरीज खोडून नव्याने मांडण्यात कारकुनाला लाज वाटू नये, हा दप्तरातील जुना नियम त्यांनी विद्येच्या क्षेत्रातही पाळला असे म्हणता येईल.

सुमारे ३६ वर्षांची ही सेवा १९२५ साली संपली आणि ते कामशेतला राहावयास गेले. पण नोकरीने लावलेली शिस्त निवृत्त झाली नाही. पासष्टीला पोचलेल्या या गृहस्थांनी पुण्याच्या पेशवे दप्तराची प्रचंड रुमाले उघडली आणि त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या अवघ्या काळात सिद्ध केले. ज्याने उमेदीत दुसऱ्याच्या सोयीसाठी वाचण्याची सवय लावून घेतली, त्यालाच इतक्या कागदांतून इतरांसाठी नेमके वेचता आले. १९५९ साली ते निवर्तले.

आज नोकरीस लागलेला तरुण ग्रंथालयाची पायरी चढतो, ती बहुधा दिवसभराच्या शिणवट्यानंतर. कचेरीतले काम आपल्याला खाऊन टाकीत आहे, अशी त्याची तक्रार असते आणि ती नेहमीच खोटी नसते. प्रत्येकाला सयाजीरावांसारखा धनी लाभत नाही. परंतु हाती आलेले काम नीट समजून घेणे, त्याचे टिपण ठेवणे आणि चूक दिसताच ती दुरुस्त करणे, या तीन गोष्टींसाठी धन्याची परवानगी लागत नाही. बाकीचे साहाय्य करावयास ही कपाटे शंभर वर्षे उभी आहेत.