तारीख चुकली तेव्हा



सनद मिळाली तेव्हा सगळे म्हणाले, ‘मुंबईला जा.’ पण उच्च न्यायालयाचे खंडपीठ 1981 पासून आपल्याच गावात होते आणि चिकलठाणा-वाळूजच्या कारखानदारांची थकलेली बिलेही इथलीच. एका खोलीत ऑफिस थाटले, फक्त व्यापारी दावे घेतले. आज आम्ही सात वकील आहोत.

नाव कसे झाले, असे विचारता. एका चुकीमुळे! व्यापारी दाव्यात समन्स बजावल्यापासून 120 दिवसांत लेखी कैफियत दिली नाही, तर तो हक्कच जातो. 2018 मध्ये या दाव्यांची किमान रक्कम एक कोटीवरून तीन लाखांवर आली आणि छोटे कारखानदारही या नियमात सापडले. अशाच एका अशिलाची तारीख आमच्याकडून चुकली. त्यांना बोलावून सांगितले, ‘चूक आमची. फी परत घ्या, दुसरा वकील बघा.’ ते गेले नाहीत. नुसत्या उलटतपासावर लढलो, तरी निम्मी रक्कम भरावीच लागली. पुढे त्यांनीच चार अशील पाठवले.

वर्गाची काच फुटली की आपले सर विचारायचे, ‘कोणी फोडली?’ हात वर करणाऱ्याला कधी छडी बसली नाही. सर, ऑफिसात तोच नियम ठेवला आहे.