आधण किती वेळात येते?



आधण यावयास किती वेळ लागतो, हा प्रश्न या व्यासपीठास शोभेल किंवा नाही, अशी शंका आपणांस येईल. परंतु याच प्रश्नाने आमच्या मातोश्रींच्या डोळ्यांत एकदा पाणी आणले होते. म्हणून तो मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

हिशेब सोपा आहे. 20 अंश सेल्सिअसचे एक लिटर पाणी 100 अंशांपर्यंत नेण्यास सुमारे 335 किलोज्यूल उष्णता लागते. एक किलोवॅटच्या शेगडीची सारी उष्णता पाण्यासच मिळाली, तर साडेपाच मिनिटे पुरतात. प्रत्यक्षात भांडे आणि हवा आपला वाटा घेतातच. मात्र जसजसे उंच जावे, तसतसा हवेचा दाब घटतो आणि पाणी कमी तपमानास उकळते. मुंबईस 100 अंश, पुण्यास सुमारे 98, तर साडेतीन हजार मीटर उंचीवरील लेह येथे अवघे 88.

आमची नेमणूक लेहला असताना मातोश्री उन्हाळ्यात आल्या. त्यांनी पातेल्यात तुरीची डाळ शिजत घातली. आधण लवकर आले. पण दीड तासानेही डाळ बोटचेपी होईना. त्यांनी आधी डाळीला दोष दिला, मग पाण्याला आणि अखेर स्वतःला. "बाबा, माझा हातच गेला रे," असे म्हणून त्या खाली बसल्या. आम्ही त्यांना 88 अंशांची गोष्ट सांगितली आणि शेजारून कुकर आणला. कोंडलेल्या वाफेच्या दाबाने आतील पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत तापते; 1679 साली देनी पापँ याने योजलेली हीच युक्ती. डाळ मेणासारखी शिजली. हात तोच होता. हवा तेवढी निराळी होती.

आणखी एक सूचना. पिण्याचे पाणी उकळताना खळखळून उकळी फुटल्यापासून एक मिनिट मोजावे आणि दोन हजार मीटरच्या वर राहणाऱ्यांनी तीन मिनिटे.

आपल्यापैकी कित्येकांच्या लेकीसुना डोंगराळ मुलखात नवे संसार थाटतात. त्यांच्या वरणात डाळ कचकचीत लागली, तर त्यांच्या हाताला नाव ठेवण्यापूर्वी गावाची उंची विचारावी, इतकीच आमची विनंती.